मोबाइल २०० मेगापिक्सेलचा, तरी हळदीचे फोटो का फुटतात?

टेमघर असो की भिवंडी परिसरातील दुसरे कोणतेही गाव, लग्नाआधीची हळद रात्री उशिरापर्यंत रंगते. मांडवात रंगीत दिवे, डीजेसमोर नाचणारी मंडळी आणि प्रत्येकाच्या हातात मोबाइल. पडद्यावर झकास दिसणारा तोच फोटो अल्बमच्या १२ बाय ३६ इंची पानावर आला की चेहरे रवाळ दिसतात आणि हळदीचा पिवळा रंग मळकट होतो. मेगापिक्सेल भरपूर असूनही असे का होते? उत्तर कॅमेऱ्याच्या सेन्सरमध्ये आहे.

सेन्सर म्हणजे काय?

पूर्वी कॅमेऱ्यात फिल्म असे, आता त्या जागी सेन्सर असतो. लेन्समधून आलेल्या प्रकाशाचे तो विद्युत संकेतात रूपांतर करतो. १९६९ मध्ये बेल लॅब्जमध्ये विलार्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनी ‘सीसीडी’ सेन्सरची कल्पना मांडली. त्यासाठी त्यांना २००९ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. आज बहुतेक कॅमेऱ्यांत आणि मोबाइलमध्ये ‘सीमॉस’ प्रकारचा सेन्सर असतो.

आकारात फरक किती?

फुल फ्रेम सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटरचा, म्हणजे ८६४ चौरस मिलिमीटरचा असतो. एपीएस-सी सेन्सर साधारण ३६६ चौरस मिलिमीटर भरतो, तर अनेक महागड्या मोबाइलमधील मुख्य सेन्सर जेमतेम ७० च्या आसपास. ‘एक इंची’ हे नावही फसवे आहे. जुन्या व्हिडीओ ट्यूबच्या बाहेरील व्यासावरून ते आले. प्रत्यक्षात हा सेन्सर १३.२ बाय ८.८ मिलिमीटरचाच असतो.

मोठ्या सेन्सरचा फायदा काय?

पावसात अंगणात परात आणि वाटी ठेवा. पाऊस सारखाच, पण पाणी परातीत जास्त जमते. प्रकाशही थेंबाथेंबानेच येतो आणि हे थेंब सगळीकडे सारखे पडत नाहीत. कमी प्रकाशात ही असमानता रवाळ ठिपक्यांच्या रूपाने दिसते. त्यालाच ‘नॉइज’ म्हणतात. चौपट प्रकाश जमला की चित्र साधारण दुप्पट स्वच्छ होते.

मग २०० मेगापिक्सेलचे काय?

वाटीत जास्त कप्पे केले म्हणून पाणी वाढत नाही. म्हणूनच असे मोबाइल एरवी १६ पिक्सेल एकत्र करून सुमारे साडेबारा मेगापिक्सेलचा फोटो देतात. ‘नाइट मोड’ एकापाठोपाठ अनेक फोटो काढून ते एकमेकांवर बसवतो. स्तब्ध उभ्या माणसासाठी ही युक्ती उत्तम. नाचणाऱ्याचे हात मात्र त्यात पुसट होतात.

मोठा सेन्सर घेतला की काम झाले?

नाही. कॅमेऱ्यासोबत मिळणारी साधी झूम लेन्स पूर्ण झूम केल्यावर बहुधा एफ ५.६ वर जाते. मोबाइलच्या एफ १.७ लेन्सच्या तुलनेत ती सेन्सरच्या तेवढ्याच जागेवर जेमतेम एकदशांश प्रकाश सोडते. मोठ्या सेन्सरचा फायदा तिथेच संपतो. त्याच कॅमेऱ्याला एफ १.८ ची ५० मिलिमीटर लेन्स लावली, तर रात्रीच्या फोटोंत मोठा फरक पडतो.

ग्राहकाने काय पाहावे?

दिवसाच्या उजेडातील आणि व्हॉट्सअॅपवर पाठवायच्या फोटोंसाठी मोबाइल पुरेसा आहे. लग्नाची ऑर्डर देताना मात्र ‘कॅमेरा किती मेगापिक्सेलचा?’ एवढ्यावर थांबू नका. सेन्सर कोणता आणि लेन्सचा एफ आकडा किती, हेही विचारा. आधीच्या एखाद्या हळदीतील रात्रीचा फोटो मोठा करून पाहा आणि मगच आगाऊ रक्कम द्या. हळद पुन्हा लागत नाही आणि फुटलेला फोटो नंतर फारसा सुधारत नाही.