थंड उत्प्रेरकाला हायड्रोजनचे चिपाड

चूल पेटविताना कोणी ओंडक्याला काडी लावत नाही. आधी चिपाडे, काटक्या. त्यांची धग लागली की ओंडका धरतो. मोटारीतील उत्प्रेरकाचेही तसेच आहे.

निघोजे येथील महिंद्राच्या कारखान्यातून पेट्रोल गाडी बाहेर पडते, तेव्हा तिच्या सायलेन्सरच्या अलीकडे पोळ्यासारख्या छिद्रांचा एक ठोकळा असतो. भिंतींवर प्लॅटिनम, पॅलॅडियम, ऱ्होडियम यांचा पातळ थर. चार महानगरांतील नव्या पेट्रोल मोटारींना तो 1995 पासून सक्तीचा झाला. कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेले इंधन तेथे ज्योतीविना जळते. परंतु ठोकळा 250 ते 300 अंश सेल्सिअसपर्यंत तापल्यावरच. तोवर विषारी वायू तसाच बाहेर जातो. मुलांना शाळेत सोडण्याएवढ्या फेरीत ही पहिली मिनिटेच महत्त्वाची.

ठोकळा थंड असताना अडते कोठे? एसटीत रुमाल टाकून जागा धरतात, तसे कार्बन मोनॉक्साइडचे रेणू प्लॅटिनमवरील जागा अडवून बसतात आणि ऑक्सिजन ताटकळतो. उष्णता वाढली की ते उठतात.

हायड्रोजन मात्र प्लॅटिनमवर नेहमीच्या तापमानालाही जळतो. त्रिकांमुळे आपल्याला ठाऊक असलेल्या डोबरायनरने हे 1823 मध्ये दाखविले आणि त्यावर दिवाही बनविला. गंमत अशी, की हायड्रोजनमधील बंध तोडण्यास मोलला 436 किलोज्यूल लागतात, मिथेनमधील पहिला बंध तोडण्यास 439. मग सीएनजीतील मिथेन एवढा हट्टी का? त्याच्या कार्बनला चारही बाजूंनी हायड्रोजनचा वेढा असतो. रेणू वाकल्याशिवाय धातूला कार्बन भिडत नाही. हायड्रोजनचा बंध उघडाच असतो.

रुमाल पडण्यापूर्वी, म्हणजे इंजिन सुरू होण्याआधी, हायड्रोजन मिसळलेली हवा ठोकळ्यातून सोडली तर? फळ्यावर हिशेब मांडावा. 100 मोल मिश्रणात 1 मोल हायड्रोजन असेल तर 242 किलोज्यूल उष्णता मिळते. मोलमागे एका अंशाला सुमारे 30 ज्यूल धरले, तर वायू 80 अंशांनी तापतो. 3 टक्क्यांना 240 अंश! आणि 4 टक्क्यांखाली हवेत हायड्रोजनचा भडका उडत नाही. ठोकळा तापायला वेळ लागतो, तो वेगळा.

युक्ती सुरेख आहे, पण एवढ्यासाठी गाडीत हायड्रोजनची टाकी कोण बाळगणार? म्हणून बहुतेक उत्पादक ठोकळा इंजिनाला खेटून बसवितात. काही गाड्यांत तो विजेने तापवितात.