आवडता, थोर आणि उगाच डोक्यावर घेतलेला

चित्रपटांवरून मित्रमंडळींत जे वाद रंगतात, त्यांत बहुधा तीन वेगळी विधाने एकमेकांत मिसळलेली असतात : अमुक चित्रपट आपल्याला आवडतो, अमुक चित्रपट थोर आहे, आणि अमुक चित्रपट उगाच डोक्यावर घेतला गेला आहे. पहिले विधान बोलणाऱ्याविषयी असते, दुसरे कलाकृतीविषयी. तिसरे, ज्यासाठी ‘ओव्हररेटेड’ हा शब्द आता मराठीतही रुळला आहे, ते मात्र प्रामुख्याने इतर प्रेक्षकांविषयी असते, कारण त्यात चित्रपटाची योग्यता आणि त्याची कीर्ती यांतील अंतर मोजले जाते व ती कीर्ती निर्माण करणाऱ्यांची पारख चुकली असे सुचवले जाते. म्हणूनच हा शब्द उच्चारला जाताच चित्रपट बाजूला राहतो आणि त्याचे चाहते दुखावतात.

आवड आणि थोरवी यांतील हा भेद सौंदर्यशास्त्राला जुनाच आहे. जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांट याने १७९० च्या आपल्या ग्रंथात सुखद आणि सुंदर यांची फारकत केली : एखादे मद्य आपल्याला रुचते असे म्हणणारा इतरांच्या संमतीची अपेक्षा धरत नाही, पण एखादी वस्तू सुंदर आहे असे म्हणणारा जणू सर्वांच्या वतीने बोलत असतो आणि सर्वांनी होकार द्यावा असे मागणे करतो. काश्मीरचा आचार्य अभिनवगुप्त तर रसास्वादाची विघ्ने सांगताना, प्रेक्षकाने स्वतःच्याच सुखदुःखांत गुरफटून जाणे, हे त्यांतले एक विघ्न मानतो. ‘अशी ही बनवाबनवी’ (१९८८) ज्यांना सुट्टीतल्या दुपारी घरच्यांसोबत टीव्हीवर पुन्हापुन्हा पाहिल्यामुळे प्रिय झाला, त्यांच्या प्रेमात त्या दुपारींचाही वाटा असतो. हे प्रेम खोटे ठरत नाही, आणि ते खोडून काढण्याचे कुणाला कारणही नाही. मात्र त्या चित्रपटाच्या थोरवीचा पुरावा म्हणून ते पुढे करता येत नाही, कारण समोरच्याकडे त्या दुपारी नसतात.

एखादा चित्रपट ‘ओव्हररेटेड’ का वाटू लागतो, याचे सर्वांत बोलके उदाहरण ‘शोले’ हे आहे. १५ ऑगस्ट १९७५ रोजी प्रदर्शित झालेल्या या चित्रपटाचे समीक्षकांनी आरंभी फारसे स्वागत केले नाही. फिल्मफेअरच्या स्पर्धेतही त्याला एकच पुरस्कार मिळाला आणि तो संकलनासाठी, म्हणजे चित्रित केलेले तुकडे निवडून त्यांची जुळणी करण्याच्या कामासाठी, एम. एस. शिंदे यांना. पुढे मुंबईच्या मिनर्व्हा चित्रपटगृहात तो पाच वर्षे चालला, आणि २००५ साली त्याच फिल्मफेअरने त्याला पन्नास वर्षांतील सर्वोत्कृष्ट चित्रपट म्हणून गौरवले. या दोन निवाड्यांच्या मधल्या काळात चित्रपटाची एक चौकटही बदलली नव्हती. बदलला होता तो त्याच्याभोवतीचा समाज. आज विशीत असलेल्या प्रेक्षकापर्यंत गब्बरसिंगचे संवाद आईवडिलांच्या बोलण्यातून, नकलांतून आणि जाहिरातींतून चित्रपटाच्या कितीतरी आधी पोचलेले असतात. ७० मिलिमीटरच्या रुंद पडद्यासाठी घडवलेली दृश्ये तो हातातल्या मोबाइलवर पाहतो, जिथे धक्का बसायचा तिथे त्याला केवळ ओळख पटते, आणि एवढे काय आहे यात, हा त्याचा प्रश्न अगदी प्रामाणिक असतो. ‘सिटिझन केन’ (१९४१) या अमेरिकी चित्रपटाचेही तसेच झाले. जवळच्या व दूरच्या वस्तू एकाच वेळी स्पष्ट दिसतील अशी छायाचित्रणाची जी पद्धत छायालेखक ग्रेग टोलंड यांनी त्यात प्रभावीपणे वापरली, ती नंतर इतक्यांनी उचलली की मूळ ठिकाणी ती पाहणाऱ्याला तिचे नवेपण जाणवतच नाही. उसना घेतलेला माल आधी पाहिला आणि मूळ धनी नंतर भेटला, अशी ही अवस्था होय.

कीर्तीची मोजणी कशी होते, हेही इथे पाहायला हवे. ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटचे ‘साइट अँड साउंड’ हे मासिक १९५२ पासून दर दहा वर्षांनी जगभरच्या समीक्षकांकडून सर्वश्रेष्ठ चित्रपटांचा कौल घेते. प्रत्येक मतदार दहा चित्रपटांची नावे देतो आणि त्या दहांना सारखेच, एकेक मत मिळते. याचा अर्थ असा की, पहिला येणारा चित्रपट कुणाचाही सर्वांत लाडका असलाच पाहिजे असे नाही. तो सर्वाधिक जणांच्या दहांत मावलेला असतो, इतकेच. पहिल्या कौलात ‘बायसिकल थीव्ह्ज’ वर होता, १९६२ पासून २००२ पर्यंत ‘सिटिझन केन’, २०१२ मध्ये हिचकॉकचा ‘व्हर्टिगो’, आणि २०२२ मध्ये, मतदारांची संख्या सोळाशेच्या पुढे गेली तेव्हा, शांताल अकरमान या बेल्जियन दिग्दर्शिकेचा ‘झान डीलमान’ (१९७५). १९५८ साली ‘व्हर्टिगो’चे स्वागत संमिश्रच झाले होते. कौल हा निर्णय नसून त्या त्या पिढीच्या संभाषणाची नोंद असते, हे लक्षात घेतले तर त्यावर चिडण्याचे कारण उरत नाही.

जाणकारही आपले मत फिरवतात. अमेरिकी समीक्षक अँड्र्यू सॅरिस यांनी १९६८ च्या पुस्तकात दिग्दर्शकांची प्रतवारी लावताना, दिसतात त्याहून उणे असलेल्यांचा एक वर्ग केला आणि बिली वाइल्डर यांना त्यात घातले. पुढे त्यांनीच जाहीर लेख लिहून वाइल्डर यांना सर्वोच्च वर्गात स्थान दिले. असे मतपरिवर्तन शक्य होते ते पुन्हा पाहण्यामुळे, आणि मित्रांच्या वादाचे खरे मोलही इथेच आहे, कारण प्रतिपक्षाने एखादे दृश्य नेमके दाखवून दिले की ते पुन्हा पाहावेसे वाटते.

‘झान डीलमान’ तीन तास एकवीस मिनिटांचा आहे आणि त्यात एका विधवेचे घरकाम जवळजवळ खऱ्या वेळाच्या लांबीने दाखवले आहे. बटाटे सोलणे, कॉफी करणे, दिवे मालवणे. हा चित्रपट असह्य कंटाळवाणा आहे असे म्हणणारा आणि तो अपूर्व आहे असे म्हणणारा, दोघेही याच दृश्यांकडे बोट दाखवतात. पहिल्या दिवशीची तिची घड्याळासारखी शिस्त ज्याने सावकाश पाहिली आहे, त्याला दुसऱ्या दिवशी बटाटे जास्त शिजतात आणि ते पातेले कुठे ठेवावे हे न सुचून ती घरभर फिरते, तेव्हा तिच्या आत काहीतरी मोडू लागल्याचे कळते. ज्याने मधला भाग भरभर पुढे पळवला, त्याच्यासाठी ते नुसते बिघडलेले बटाटे असतात.