बालकाचे मनोदुःख, त्याची भाषा आणि सार्वजनिक द्रव्य

पुण्याच्या बोलीत ‘येरवडा’ हे केवळ स्थलनाम राहिलेले नाही. कारागृह आणि मनोरुग्णालय ह्या दोन्ही संस्था तेथे असल्यामुळे ‘येरवड्याला पाठवा’ ह्या उक्तीत शिक्षा व उपहास एकवटले आहेत. दोहोंपैकी कोणत्या संस्थेचा निर्देश आहे हे श्रोत्याने प्रसंगावरून ताडावयाचे असते. ठाणे, येरवडा, नागपूर व रत्नागिरी येथील चार मनोरुग्णालये हाच दीर्घकाळ राज्याच्या मनोविकारसेवेचा दृश्य आकार होता. परंतु शाळेचा धसका घेतलेल्या नऊ वर्षांच्या मुलाला खाट नको असते. त्याला घराजवळ, त्याची भाषा समजणारा प्रशिक्षित श्रोता हवा असतो.

ही भाषा सोपी नव्हे. ‘मी उदास आहे’ असे मूल क्वचितच म्हणते. ‘पोटात गोळा येतो’, ‘छातीत धडधडते’, ‘करमत नाही’ अशा शब्दांत ते देहाच्या अथवा दिनक्रमाच्या द्वारे मनाची वार्ता देते. वडीलधारी माणसे त्याच अवस्थेला ‘हूड’, ‘मठ्ठ’, ‘हट्टी’ अशी स्वभावविशेषणे लावतात, आणि स्वभाव म्हटला की उपचाराचा प्रश्नच मिटतो. पुणे महानगरपालिकेच्या शाळांत मराठीबरोबरच उर्दू व कन्नड माध्यमांतून शिकणारी मुलेही आहेत. त्यांच्या तक्रारी केवळ मराठी वा इंग्रजी जाणणाऱ्या तज्ज्ञापुढे नेल्या, तर निदान भाषांतरावर अवलंबून राहते.

साधनांची कथाही अशीच आहे. व्ही. व्ही. कामत यांनी धारवाडच्या परिसरात बिने यांच्या बुद्धिमापनाचे मराठी व कन्नड मुलांसाठी प्रमाणीकरण केले ते १९३४ साली. त्या काळी ते काम मोलाचे होते, ह्यात शंका नाही. परंतु ती कसोटी पुढे कित्येक दशके भारतभर वापरात राहिली, ही गोष्ट कामतांच्या गौरवाची असली तरी उत्तरकालीन व्यवस्थेस भूषणावह नाही. शब्दसंग्रह, नाणी, खेळ, घरगुती वस्तू हे सर्व पालटते. ‘सामान्य’ उत्तराची कल्पनाही पालटते. प्रत्येक भाषेत अशा कसोट्या नव्याने सिद्ध करण्यास काळ व पैसा लागतो, आणि त्यात नफा नसल्यामुळे खाजगी व्यवसाय हे काम अंगावर घेण्याची शक्यता फार थोडी.

खाजगी पुढाकार प्रारंभ करू शकतो, हे खरे. मुंबईत १९३७ साली भारतातील पहिले बालमार्गदर्शन केंद्र निघाले ते टाटांच्या देणगीवर चालणाऱ्या समाजकार्य-विद्यालयामुळे. पण अशी केंद्रे जिल्ह्याजिल्ह्यांत पोचविणे दानावर साधत नाही. २०१५–१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ ह्या वयोगटात मनोविकारांचे प्रमाण ७.३ टक्के आढळले. त्या सर्वेक्षणाच्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता, ही उणीव ध्यानात घेण्याजोगी आहे. ज्याची मोजदादच झाली नाही, त्यासाठी अंदाजपत्रकात रक्कम मागणे कठीण जाते.

मागणीला आधार मात्र आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियमाच्या घडणीत पुण्यातील इंडियन लॉ सोसायटीच्या मानसिक आरोग्य कायदा व धोरण केंद्राशी संबंधित तज्ज्ञांचा वाटा होता. त्याच्या कलम १८ अन्वये शासनाने चालविलेल्या अथवा शासकीय द्रव्यावर चालणाऱ्या सेवांतून उपचार मिळणे हा व्यक्तीचा हक्क असून त्यांत बालकांच्या सेवांचा स्पष्ट उल्लेख आहे. कलम ८७ प्रमाणे अल्पवयीन रुग्णास प्रौढांपासून वेगळे ठेवावे लागते. वेगळा विभाग म्हणजे वेगळी जागा, वेगळे कर्मचारी. अर्थात वेगळी तरतूद.

२०२२ पासून ‘टेली-मानस’ ही विनामूल्य दूरध्वनीसेवा मराठीतही मिळते. तिचा उपयोग आहेच. परंतु बोलू न शकणाऱ्या अथवा न इच्छिणाऱ्या बालकाला दूरध्वनीचा आधार तोकडा पडतो. कलम १८ मध्ये आणखी एक तरतूद आहे, तिच्याकडे अभ्यासकांचे लक्ष फारसे गेलेले दिसत नाही: जिल्ह्यात किमान शासकीय सेवा नसेल, तर तेथील अन्य सेवेतून उपचार घेण्याचा खर्च शासनाने सोसावयाचा आहे. पुण्यात जे पालक आज खाजगी चिकित्सकाचे शुल्क भरतात, किंवा ते ऐकूनच परततात, त्यांच्या हाती ह्या कलमाची मराठी प्रत आणि परताव्याच्या अर्जाचा सुबोध नमुना देणे हे काम विद्यापीठाच्या भाषाविभागालाही करता येण्याजोगे आहे.