घोरपड आणि सकाळचे ऊन

खारघरच्या डोंगरउतारावर सकाळी घोरपड निपचित पडलेली दिसते. ती आजारी नसते. तिच्या शरीरात पुरेशी उष्णता तयार होत नाही. उन्हाने अंग तापल्यावरच स्नायूंना वेग येतो आणि खाल्लेले पचते. नेमकी याच वेळी ती काठीला सापडते. दुभंगलेली जीभ म्हणजे विषाचा काटा नव्हे. जिभेवर आलेले वासाचे कण टाळूतील इंद्रियाकडे जातात, त्यावरून ती किडे, खेकडे, उंदीर हुडकते. कोंबडीची अंडी खाते, हेही खरे. खुराड्याला जाळी बसवावी. तिच्या चरबीने सांधेदुखी जाते हा निव्वळ समज आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत ती येते. मारणाऱ्यास तुरुंगवास होतो. घरात शिरल्यास वन खात्याला कळवावे.