शाळेच्या ताटातले अंडे: प्रश्न पाच रुपयांचा की वाढीचा?

वाचकहो, या सदरात आपण ताप, खोकला, हगवण, रक्तदाब अशा विषयांवर नेहमी बोलतो. आजचा विषय वरवर पाहता राजकारणाचा वाटेल, कारण त्यावर विधानसभेपासून पारावरच्या गप्पांपर्यंत वाद झाले आहेत. पण मुळात तो आरोग्याचाच आहे. गरीब घरच्या मुलाला शाळेत जे जेवण मिळते, त्यात कपात झाली की त्याच्या शरीरात नेमके काय घडते, हे समजून घेतल्याशिवाय त्या वादात कोणाची बाजू किती खरी हे ठरवता येत नाही.

काय घडले?

महाराष्ट्र शासनाने नोव्हेंबर २०२३ मध्ये शालेय पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडे देण्याचे ठरवले. जी मुले अंडे खात नाहीत त्यांना केळे किंवा दुसरे फळ द्यायचे होते. एका अंड्यासाठी पाच रुपये धरण्यात आले होते. काही धार्मिक संघटनांनी त्याला विरोध केला. शाळेत मांसाहार नको, शाकाहारी मुलांच्या शेजारी अंडे नको, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे २८ जानेवारी २०२५ च्या शासन निर्णयाने अंडा पुलाव, तांदळाची खीर आणि नाचणी सत्त्व हे पदार्थ ऐच्छिक झाले. त्यांच्यासाठी शासनाचा वेगळा निधी मिळणार नाही, ज्या शाळांना द्यायचे असेल त्यांनी लोकसहभागातून खर्च उभा करावा, असे ठरले. वर्षाला सुमारे ५० कोटी रुपये अंड्यांवर खर्च होत होते, असे त्या वेळी वर्तमानपत्रांत आले होते.

टीकाकारांनी लगेच लाडकी बहीण योजनेच्या खर्चाकडे बोट दाखवले. तिजोरीवर ताण आला म्हणून मुलांच्या ताटाला कात्री लागली, असा त्यांचा आरोप होता. शाळांच्या बाजूनेही तक्रारी होत्याच. तीन-तीन पदार्थ शिजवायचे, अंडी आणायची, सोलायची, हिशेब ठेवायचा, आणि हे सारे अपुऱ्या पैशांत. मग शिकवायचे कधी, असे शिक्षक विचारत होते. ही तक्रार खोटी म्हणता येणार नाही.

ताटात किती असते?

आता थोडा हिशेब करू. पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी आणि ५ ग्रॅम तेल मिळावे, असा केंद्राचा नियम आहे. त्यातून ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिने मिळावीत अशी अपेक्षा असते. सहावी ते आठवीसाठी १५० ग्रॅम धान्य, ७०० उष्मांक आणि २० ग्रॅम प्रथिने.

१०० ग्रॅम तांदळातून साधारण सात ग्रॅम प्रथिने मिळतात आणि २० ग्रॅम डाळीतून साडेचार-पाच. म्हणजे बारा ग्रॅम भरले खरे. पण त्यातला निम्म्याहून मोठा भाग तांदळाचा आहे. तांदळाच्या प्रथिनांत शरीराच्या वाढीला लागणारा लायसिन नावाचा घटक कमी असतो. डाळ ती उणीव भरून काढते. म्हणूनच वरणभात ही जोडी आपल्याकडे पूर्वापार आहे. पण डाळ पातळ झाली, वीस ग्रॅमची दहा ग्रॅम झाली, तर भांडे भरलेले दिसते, मुलाचे पोटही भरते आणि वाढ मात्र अडते. भूक आणि कुपोषण यांत हाच फरक आहे. भूक मुलाला स्वतःला कळते. कुपोषण त्याला कळत नाही आणि पुष्कळदा आईबापांनाही कळत नाही.

एका अंड्यात सुमारे सहा ग्रॅम उत्तम प्रतीची प्रथिने असतात आणि ७० च्या आसपास उष्मांक. शिवाय अ जीवनसत्त्व आणि ब-१२ जीवनसत्त्वही मिळते. हे ब-१२ तांदूळ, डाळ, भाजी, तेल यांपैकी कशातही नसते. रक्त तयार होण्यासाठी आणि मज्जासंस्थेसाठी ते लागते. शाकाहारी माणसाला ते दूध, दही, ताक यांतून मिळते. पण ज्या घरी दूध विकायचे असते, प्यायचे नसते, किंवा मुळात जनावरच नाही, त्या घरच्या मुलाने ते आणायचे कोठून? केळे चांगले फळ आहे, उष्मांकही देते, पण एका केळ्यात प्रथिने जेमतेम एक ग्रॅम. तेव्हा ‘अंडे नाही तर केळे’ हा तोडगा चवीचा आहे, पोषणाचा नाही.

अंडे म्हणजे जादू, असेही मानू नये. इक्वेडोर देशात सहा ते नऊ महिन्यांच्या बाळांना सहा महिने रोज एक अंडे दिले, तेव्हा खुरटण्याचे प्रमाण जवळजवळ निम्म्याने घटले. २०१७ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्याच धर्तीवर आफ्रिकेतील मालावी देशात केलेल्या प्रयोगात मात्र उंचीत तसा फरक दिसला नाही. तेथील बाळांच्या आहारात मासे आधीपासून होते, हे त्याचे एक कारण सांगितले जाते. ही बाळे शाळकरी मुलांपेक्षा बरीच लहान होती आणि त्यांना अंडे रोज मिळत होते, हेही लक्षात ठेवावे. तात्पर्य एवढेच की ज्याच्या ताटात दुसरे काही नाही, त्याला अंड्याचा फायदा सर्वांत जास्त.

आपल्याकडची स्थिती

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रात पाच वर्षांखालील ३५.२ टक्के मुले वयाच्या मानाने बुटकी आहेत, ३६.१ टक्के मुलांचे वजन कमी आहे आणि २५.६ टक्के मुले उंचीच्या मानाने वाळलेली आहेत. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या ६८.९ टक्के मुलांच्या अंगात रक्त कमी आहे. आधीच्या २०१५-१६ च्या पाहणीत हे प्रमाण ५३.८ टक्के होते. हीच मुले पुढे पहिलीत येतात. शाळेचे जेवण त्यांच्यासाठी वरकड खाऊ नाही, दिवसातले मुख्य जेवण असते. कापूस वेचणीच्या दिवसांत आईबाप पहाटे शेतावर जातात, तेव्हा तर पहिलेच.

आपल्या जिल्ह्यात आणखी एक गोष्ट ध्यानात येते. केळापूर, घाटंजी, राळेगाव, मारेगाव या तालुक्यांतील काही भाग अनुसूचित क्षेत्रात येतो. अशा क्षेत्रातील अंगणवाड्यांसाठी शासनाने २०१५ साली डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना आणली आणि नंतर लहान मुलांसाठी त्यात अंडी-केळी आली. म्हणजे वाढत्या मुलाला अंडे लागते, हे शासनाने स्वतःच मान्य केले होते. मूल अंगणवाडीतून पहिलीत गेले म्हणून त्याची गरज संपत नाही, ती वाढते.

कपात कशी होते?

गरीब मुलांचे जेवण बंद, असे कोणतेही सरकार उघड लिहीत नाही. कपात तीन वाटांनी येते.

पहिली वाट दराची. धान्य मोफत मिळते. डाळ, भाजी, तेल, मसाला व सरपण यांसाठी प्रतिविद्यार्थी दर ठरतो. ऑक्टोबर २०२२ मध्ये तो पाचवीपर्यंत ५ रुपये ४५ पैसे झाला आणि १ डिसेंबर २०२४ पर्यंत तेवढाच राहिला. त्या दोन वर्षांत तूरडाळीने दीडशे रुपये किलोचा टप्पा ओलांडला. दर तोच आणि भाव वाढलेला, म्हणजे कागदावर कपात नसताना ताटात कपात झाली. मग दर ६ रुपये १९ पैसे आणि १ मे २०२५ पासून ६ रुपये ७८ पैसे झाला. सहावी ते आठवीसाठी १० रुपये १७ पैसे. एवढ्यात बाजारात एक अंडे येते. त्या एका अंड्याच्या पैशांत मुलाची डाळ, भाजी, तेल, सारे बसवायचे आहे.

दुसरी वाट वाटणीची. २०१५-१६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात राज्यांना करांतील वाटा वाढवून दिला आणि त्याच वेळी अंगणवाडी योजनेची तरतूद निम्म्याहून खाली आणली. राज्यांनी आता स्वतःचे पैसे घालावेत, असा युक्तिवाद होता. तत्कालीन महिला व बालविकास मंत्री मेनका गांधी यांनीच या कपातीवर जाहीर नाराजी व्यक्त केली होती. केंद्र राज्याकडे पाहते, राज्य केंद्राकडे, आणि मूल दोघांकडे.

तिसरी वाट ‘ऐच्छिक’ या शब्दाची. लोकसहभाग चांगलाच. पण बाजारपेठेच्या गावातील शाळेला व्यापारी, डॉक्टर, माजी विद्यार्थी मदत करू शकतात. तांड्यावरच्या किंवा कोलाम पोडावरच्या शाळेत पालक स्वतःच मजुरीवर जाणारे. तेथे वर्गणी कोणी द्यायची? जेथे गरज मोठी, तेथेच लोकवर्गणी कमी. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार?

हा वाद केवळ आपल्याकडचा नाही. इंग्लंडमध्ये १९७१ साली शिक्षणमंत्री असताना मार्गारेट थॅचर यांनी सात वर्षांवरील मुलांचे शाळेतील मोफत दूध बंद केले. ‘दूध हिसकावणारी’ हे नाव त्यांना पुढे आयुष्यभर चिकटले. अमेरिकेत १९८१ साली रेगन सरकारने शाळेच्या जेवणाचा निधी घटवला, आणि चटणी-सॉससारखे पदार्थ भाजी म्हणून मोजता येतील असा नियम पुढे आला. लोक इतके हसले आणि चिडले की तो मागे घ्यावा लागला. उलट बाजूने तामिळनाडू पाहा. तेथे १९८२ साली एम. जी. रामचंद्रन यांनी दुपारच्या जेवणाची योजना मोठ्या प्रमाणावर सुरू केली. तेव्हाही पैशांची उधळपट्टी म्हणून टीका झाली. पुढे सरकारे बदलली, पण प्रत्येकाने ताटात भरच घातली. पंधरवड्यातून एक अंडे येथून सुरुवात होऊन आठवड्याला पाच अंड्यांपर्यंत मजल गेली.

आपल्याकडेही १९९५ साली ही योजना आली तेव्हा मुलांना महिन्याला तीन किलो तांदूळ घरी मिळत. सर्वोच्च न्यायालयाच्या २८ नोव्हेंबर २००१ च्या आदेशानंतर शिजवलेले अन्न आले आणि २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने ते मुलाचा हक्क बनले. ती कोणाची मेहेरबानी राहिलेली नाही.

मग पाच रुपये परवडत नाहीत का?

आठवड्याला पाच रुपये, शाळेचे चाळीस आठवडे धरले तरी एका मुलामागे वर्षाला २०० रुपये. रक्त कमी असलेले मूल वर्गात पेंगते, वारंवार आजारी पडते. एका आजारपणात डॉक्टर, औषधे आणि बुडालेली मजुरी यांत दोनशे रुपये केव्हाच संपतात. शाकाहाराचा आग्रह धरणाऱ्यांचा मान राखलाच पाहिजे. कोणत्याही मुलावर अंड्याची सक्ती नको. पण न खाणाऱ्यासाठी दूध, दही, शेंगदाण्याची चिक्की असा खरा पर्याय देता येतो. एकाला नको म्हणून दुसऱ्याचे ताट रिकामे ठेवण्यास आरोग्यशास्त्रात आधार नाही.

पालकांनी काय करावे?

१. शाळा व्यवस्थापन समितीत कायद्याने पाऊण सदस्य पालक असतात. बैठकीला जा. आज किती मुले जेवली, किती डाळ शिजली, धान्याचा साठा किती, ऐच्छिक पदार्थांचे काय, एवढे चार प्रश्न विचारा. स्वयंपाक करणाऱ्या बाईंशी भांडू नका; त्या मिळेल त्यातच शिजवतात.

२. घरी मूठभर (३० ग्रॅम) शेंगदाणे गुळासोबत द्या. त्यातून सात-आठ ग्रॅम प्रथिने मिळतात. भिजवलेले हरभरे, मोड आलेली मटकी, शेवग्याचा पाला, अंबाडीची भाजी आठवड्यातून दोन-तीनदा असावी. वाटीभर ताक किंवा दही रोज मुलासाठी राखून ठेवा.

३. आपण सोयाबीन पिकवतो आणि सारेच विकून टाकतो. थोडे घरी ठेवा. उकळत्या पाण्यात वीस मिनिटे उकळून, वाळवून, नऊ वाट्या ज्वारी-गव्हाला एक वाटी या प्रमाणात दळून आणा. कच्चे सोयाबीन दळू नका. ते पचत नाही.

४. शाळेत मिळणारी लोहाची गोळी (पाच ते दहा वर्षांच्या मुलांना गुलाबी, त्यापुढे निळी) आणि जंतनाशक गोळी चुकवू नका. जंत असतील तर खाल्लेले अन्न अंगी लागत नाही.

५. पाच वर्षांखालील मुलाच्या दंडाचा घेर अंगणवाडीत मोजून घ्या. साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा कमी भरला, किंवा दोन्ही पायांवर सूज दिसली, तर त्याच दिवशी आरोग्य केंद्रात न्या. शाळकरी मुलाचे वजन व उंची सहा महिन्यांत अजिबात वाढली नाही, डोळ्यांच्या खालच्या पापण्या आतून फिकट दिसल्या, खेळताना लवकर दम लागला, तर डॉक्टरांना दाखवा.

शेवटी, मत मागायला कोणीही आले, कोणत्याही पक्षाचे आले, तरी मुलांच्या जेवणाचा दर किती आहे आणि तो भावाप्रमाणे वाढणार का, हे त्यांना जरूर विचारा. रस्ता खराब झाला तर पाच वर्षांनी पुन्हा करता येतो. मुलाच्या वाढीची वर्षे गेली की परत येत नाहीत.