डब्ल्यूडीएम-2 : रेल्वेला स्वतःच्या पायावर उभे करणारे डिझेल इंजिन

1960च्या दशकापासून सुमारे चाळीस वर्षे भारतीय रेल्वेच्या विद्युतीकरण न झालेल्या मार्गांवर मालगाडी, एक्स्प्रेस आणि पॅसेंजर अशा सर्व गाड्यांचा मुख्य भार ज्या इंजिनाने वाहिला, ते म्हणजे डब्ल्यूडीएम-2 वर्गाचे डिझेल-इलेक्ट्रिक इंजिन. नावातील पहिले अक्षर ब्रॉडगेज म्हणजे 1,676 मिलिमीटर रुंदीचा लोहमार्ग, दुसरे डिझेल आणि तिसरे माल व प्रवासी या दोन्ही वाहतुकींची योग्यता दर्शवते, तर शेवटचा आकडा हा डब्ल्यूडीएम-1 नंतरचा वर्ग असल्याचे सांगतो. 1962 ते 1998 या काळात या वर्गाची 2,700 हून अधिक इंजिने बांधली गेली.

या इंजिनाची निवड कशी झाली, हा त्याच्या इतिहासातील सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. अमेरिकेतील अमेरिकन लोकोमोटिव्ह कंपनी, म्हणजेच अल्को, आणि जनरल मोटर्स या दोन्ही उत्पादकांची इंजिने 1962च्या सुमारास भारतात आली. जनरल मोटर्सचे डब्ल्यूडीएम-4 हे इंजिन तांत्रिक दृष्ट्या सरस मानले जाई. परंतु ती कंपनी तंत्रज्ञान हस्तांतरित करण्यास राजी झाली नाही आणि अल्को झाली. त्यामुळे डब्ल्यूडीएम-4 ची संख्या 72 वरच थांबली, आणि वाराणसीच्या डिझेल रेल्वेइंजिन कारखान्यात अल्कोच्या रचनेनुसार उत्पादन सुरू होऊन जानेवारी 1964 मध्ये तेथील पहिले इंजिन लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते रेल्वेच्या सेवेत दाखल झाले. परदेशातून उत्तम यंत्र विकत घेण्यापेक्षा पुरेसे चांगले यंत्र स्वतः घडवण्यास प्राधान्य देणारा हा निर्णय दूरदृष्टीचा होता, हे पुढील घटनांनी सिद्ध केले. 1969 मध्ये अल्कोचे रेल्वेइंजिनांचे उत्पादन बंद पडले, तरी तोवर ती विद्या वाराणसीत रुजलेली असल्यामुळे भारतात ही इंजिने त्यानंतरही जवळजवळ तीस वर्षे बनत राहिली.

डिझेल-इलेक्ट्रिक या संज्ञेचा अर्थ असा की, या इंजिनात डिझेल यंत्र चाके थेट फिरवत नाही. डिझेल यंत्राला काही किमान वेगाने फिरत राहावेच लागते, स्थिर अवस्थेतून भार उचलणे त्याला शक्य नसते, आणि हजारो टनांची गाडी हलवण्याइतकी शक्ती मोटारगाडीसारख्या गिअरपेटीतून चाकांपर्यंत पोहोचवणे अत्यंत अवघड असते. म्हणून डब्ल्यूडीएम-2 मधील सोळा सिलिंडरांचे, 2,600 अश्वशक्तीचे यंत्र एक मोठे जनित्र फिरवते, त्यातून निर्माण होणारी एकदिश वीज सहा ट्रॅक्शन मोटरींना मिळते, आणि प्रत्येक मोटर दंतचक्रांच्या साहाय्याने एकेक आस फिरवते. या जातीच्या मोटरींचा पीळ, म्हणजे आस फिरवण्याचा जोर, गाडी उभी असताना सर्वाधिक असतो, आणि जड गाडी हलवताना नेमकी त्याचीच गरज असते. सुमारे 113 टन वजन सहा आसांवर विभागलेले असल्यामुळे रुळावर चाकांची पकड चांगली राहते आणि रुळांवर अवाजवी भारही येत नाही. यातील अनेक इंजिनांत उतारावर याच मोटरी जनित्राप्रमाणे चालवून गाडीचा वेग आवरण्याची सोय होती. अशा वेळी निर्माण होणारी वीज रोधकांमध्ये उष्णतेच्या रूपाने खर्च होते आणि ब्रेकच्या ठोकळ्यांची झीज वाचते.

गाडी सुटताना ही इंजिने काळ्या धुराचा लोट सोडत, त्याचे कारण टर्बोचार्जरमध्ये होते. टर्बोचार्जर म्हणजे बाहेर पडणाऱ्या वायूंच्या जोरावर फिरून सिलिंडरांत अधिक हवा कोंबणारा पंखा. चालकाने शक्ती वाढवताच इंधन लगेच वाढते, पण पंख्याला वेग घेण्यास काही क्षण लागतात, आणि तेवढ्या वेळात हवेअभावी इंधन अर्धवट जळते.

महाराष्ट्रात कल्याण आणि पुणे येथील डिझेल शेडमध्ये या इंजिनांची देखभाल होत असे. 1971 मध्ये पुणे-मिरज-कोल्हापूर मार्ग ब्रॉडगेज झाल्यावर मुंबईहून येणाऱ्या गाड्यांचे विजेचे इंजिन पुण्यास सुटे होई आणि पुढचा प्रवास डिझेलवर होई. 1998 मध्ये संपूर्ण खुल्या झालेल्या कोकण रेल्वेवरही विद्युतीकरण पूर्ण होईपर्यंत, म्हणजे 2022 पर्यंत, डिझेल इंजिनांचेच राज्य होते, आणि त्यातील आरंभीच्या वर्षांचे बरेचसे काम या वर्गाने व त्याच्या सुधारित रूपांनी केले.

याच रचनेतून पुढे 3,100 अश्वशक्तीचा डब्ल्यूडीएम-3ए आणि मालगाड्यांसाठीचा डब्ल्यूडीजी-3ए हे वर्ग विकसित झाले. पतियाळाच्या कारखान्यात अनेक जुन्या इंजिनांची पुनर्बांधणी झाली, आणि श्रीलंकेच्या एम-8 वर्गाची इंजिनेही वाराणसीहूनच गेली. विद्युतीकरणाच्या वेगामुळे आता या घराण्याची गरज झपाट्याने ओसरत आहे आणि बहुतेक डब्ल्यूडीएम-2 इंजिने भंगारात गेली आहेत. वाफेची निवडक इंजिने रेवाडीच्या शेडमध्ये चालत्या स्थितीत जपली गेली, त्याच आस्थेने डब्ल्यूडीएम-2 ची काही इंजिनेही रुळांवर धावण्यायोग्य ठेवली पाहिजेत, आणि ज्या कारागिरांना ती दुरुस्त करता येतात ते सेवेत आहेत तोवरच हे काम रेल्वेने हाती घ्यावे.