लिंबावरचा खैऱ्या : जिवाणू झाडाची राखण कशी मोडतो?

परवा अंबड तालुक्यात मित्राच्या मोसंबीच्या बागेत गेलो होतो. बांधावरच्या कागदी लिंबाच्या पानांवर खरबरीत तपकिरी फोड होते, भोवती पिवळी कडा. हाच खैऱ्या, म्हणजे कँकर. मोसंबीलाही तो होतो, पण कागदी लिंबाला जास्त.

तो होतो झँथोमोनास सिट्री या जिवाणूमुळे. पर्णरंध्रांतून किंवा नागअळीने केलेल्या जखमांतून तो पानात शिरतो.

झाड त्याला ओळखतं, प्रतिकार सुरू करतं. पण जिवाणू सुईसारख्या नळीतून 'इफेक्टर' प्रथिनं थेट पेशींत सोडतो. त्यातली काही प्रथिनं झाडाचा धोक्याचा इशाराच दाबून टाकतात.

पीटीएचए४ हे प्रथिन तर पेशीच्या केंद्रकात जाऊन झाडाचंच 'लॉब१' जनुक चालू करतं. पेशी फुगतात, वाढतात, पानाचा पापुद्रा फाटतो आणि जिवाणू बाहेर पडतात. पावसाचे थेंब आणि वारा त्यांना पुढच्या झाडावर नेतात.

२०१७ मध्ये शास्त्रज्ञांनी याच जनुकात बदल करून लिंबूवर्गीय झाडांची कँकरविरुद्धची ताकद वाढवून दाखवली.

तांबेयुक्त औषध पानावरचे जिवाणू मारतं, आत शिरलेले नाही. म्हणून रोगट फांद्या छाटून जाळा, नागअळी आवरा आणि नवी पालवी येताना कॉपर ऑक्सिक्लोराईड फवारा.

तुमच्या बागेत असे फोड दिसतात का? फोटो टाका, शंका बिनधास्त विचारा.